मागचा वहाळ

९ सप्टेंबर २०२२, शुक्रवार. मन्रो, वॉशिंग्टन
अनंत चतुर्दशी. गणपती अंगणातल्या टबात. शाडूचा होता, दोन तासांत बसला. पाणी मेपलच्या बुंध्याशी ओतलं.
दरवर्षी या वेळी बुवा कुंपणावर कोपरं टेकून उभे असायचे. 'तुमचा पाहुणा या वर्षी किती दिवस?' उकडीचे मोदक त्यांना आवडत नाहीत. तरी दोन घ्यायचे. यंदा दोन उरले.
कुंपणापलीकडे गवत गुडघाभर.

१० सप्टेंबर, शनिवार
पहाटे सुलतानच्या पुलाखाली. या गावात कोणी सुलतान आला नव्हता. इथल्या मूळ लोकांच्या एका सरदाराचं नाव गोऱ्यांच्या जिभेला झेपेना, त्याचं हे झालं.
स्कायकोमिश खूप उतरलीय. गोल्ड बारच्या मीटरवर क्यूसेक तीन आकडी. दोन तास मुख्य धारेत काठी फिरवली. सामनचं एक पोर लागलं, बोटभर. कटथ्रोट नाही.
साडेनऊला पूर्वेकडून गरम वारा. इथे वारा समुद्राकडून येतो, असा नाही. मग धूर. इंडेक्सच्या वरच्या अंगाला वणवा पेटलाय म्हणे. हायवे २ बंद.
काचेवर राख. वायपर लावला. लावायला नको होता.

११ सप्टेंबर
खिडक्या बंद. माश्या बांधल्या. इंग्रजीत फ्लाय, आपल्याकडे माशी. माशीने मासा धरायचा, हे मराठीतच शोभतं.
रिव्हर्स स्पायडर तीन. बदकाच्या कुशीचं बारीक पट्ट्यांचं पीस गळावर उलटं बांधायचं, टोकं पुढे. दोर ओढला की पीस मागे मिटतं, थांबला की उघडतं. पाण्यात काहीतरी श्वास घेतंय असं दिसतं. बुवा आयुष्यभर हीच एक बांधत आले. त्यांच्या माशीचं डोकं निळ्या दोऱ्याचं. बायको गेली तेव्हा तिचा शिवणाचा डबा त्यांनी संपवायला घेतला. बारा वर्षं झाली. डबा संपत नाही.
माझा दोरा काळा, दुकानातला. माशाला फरक पडत नसावा.
त्यांनी मला बांधलेली माशी एकदाही दिली नाही. 'दिली तर हरवशील. बांधलीस तर जपशील.' माझ्या हरवतात त्याही मीच बांधलेल्या.

१४ सप्टेंबर, बुधवार
ऑफिसातून परस्पर बुवांकडे. जुलैत मागच्या पायरीवरून पडले, खुब्याचं हाड. तेव्हापासून म्हाताऱ्यांच्या घरात आहेत. खोलीला खिडकी आहे, खिडकीला पार्किंग.
पहिला प्रश्न: 'नदी कुठवर आहे?'
'पुलाच्या तिसऱ्या खांबाचा पाया उघडा पडलाय.'
डोळे मिटले. हिशेब चालला असावा. 'मग मागचं पाणी आता तेवढं गार असेल.' थोड्या वेळाने, माझ्याशी नव्हे: 'सीडर अजून आडवा असला तर.'
मी काही विचारलं नाही.
अकरा वर्षं शेजार. त्यांनी मला गाठी शिकवल्या. गोट्यांवर पाय आधी चाचपून मग भार टाकायला शिकवलं. अर्धं सँडविच दिलं, नेहमी मोठं अर्धं. मुख्य नदीवर बरोबर न्यायचे. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात आठवड्यातून एकदा एकटे जायचे, आणि त्या दिवशी त्यांच्या गाडीच्या टायरला वेगळी माती असायची. पिवळसर. ते 'बॅक चॅनल' म्हणायचे. मी मनात मागचा वहाळ म्हणतो. वहाळ म्हणजे खरं तर ओढा, पण दुसरा शब्द बसत नाही.
कुठे, ते विचारायचं नसतं. कुडाळात कोणी कोणाला विचारतं का, कुर्ल्या कुठच्या बिळात मिळाल्या?

१७ सप्टेंबर
सुलतानपासून खाली चालत. उत्तरेचा काठ, रेल्वेच्या बाजूचा. सीडर पुष्कळ. आडवे पडलेले पुष्कळ. पाण्यात आडवा एकही नाही.
अर्धा रस्ता ब्लॅकबेरीच्या काट्यांतून. लोक तिला हिमालयन ब्लॅकबेरी म्हणतात. हिमालयाशी तिचा संबंध नाही, मूळ आर्मेनियाकडची. ल्यूथर बरबँकला हिंदुस्थानातून बिया आल्या, त्याने १८८५ साली हे नाव ठेवून विकली. आता या राज्यातली कुठलीही मोकळी जागा तिची. कोणी विचारलं की मी सांगतो, आमची नव्हे.
वेडरला दोन भोकं.

१८ सप्टेंबर
भोकं बुजवली.

२१ सप्टेंबर
थर्मामीटर नेला होता. मुख्य धार दुपारी चारला १८ अंश. वीसच्या जवळ गेलं की मी काठी गुंडाळतो. मासा लागतो, झुंजतो, सोडला की पोहत जातोही, आणि तासाभराने मरतो. आपल्याला दिसत नाही एवढंच.
एका फाट्यात १३. वरचं तोंड कोरडं, नुसते गोटे. तरी खाली पाणी वाहतंय. नदी गोट्यांच्या खालून झिरपते आणि गार होऊन पुढे वर येते. हात घातला तर तळाकडून थंड. पुरात नदी इथून गेली होती, मग लाकडाचा ढीग अडला, वाळू साचली, नदीने पाठ फिरवली. मागे राहिला हा वाकडा तुकडा. कोहो सामनची पिल्लं अशा पाण्यात वर्ष काढतात. कटथ्रोट त्या पिल्लांसाठी येतो, आणि लाकडासाठी.
हा बुवांचा नव्हे. इथे सीडर नाही, अल्डरच आहे. पिवळी मातीही नाही.

२५ सप्टेंबर, रविवार
सर्वपित्री. हिने खीर केली. पान डेकवर ठेवलं. कावळे इथे भरपूर, आणि शहाणे. पण आले स्टेलर्स जे, निळे, तुऱ्याचे, आरडाओरडा करत. वडे त्यांनी नेले.
बाबांना चाललं असतं. त्यांना निळा रंग आवडायचा.

१ ऑक्टोबर, शनिवार
लागला. यंदाचा पहिला.
परवाच्याच फाट्यात. सकाळी सात. धुकं आणि धूर यांतला फरक आता वासाने कळतो. आज धुकं.
पाणी कमरेएवढंही नाही. कडेला बुडालेलं अल्डर, त्याच्या फांद्यांत पानं अडकलेली. माशी फांदीपासून वीतभर अंतरावर पडली, याआधीच्या दहा हातभर अंतरावर पडल्या होत्या. दोर दोनदा ओढला, थांबलो. खालून पिवळं काहीतरी वळलं. काठी उचलायचा मोह आवरायचा असतो. उचलली की माशी त्याच्या तोंडातून निघते. दोरच ओढायचा, पुढची ओढ जशी दिली असती तशीच. दिली. जड झालं.
पस्तीस सेंटिमीटरच्या आत-बाहेर. अंग लोण्याच्या रंगाचं, डोक्यापासून शेपटापर्यंत काळे ठिपके, पोटाकडेही. समुद्रातून आला की हा चांदीसारखा असतो, ठिपके पुसट. नदीत काही आठवडे काढले की रंग चढतो. हा चढलेला होता. जबड्याखाली दोन्ही बाजूंना तांबडे फराटे. कटथ्रोट हे नाव त्यावरूनच. मराठीत 'गळाकाप्या' केलं तर मासा पळून जाईल.
गळाचं उलटं टोक पक्कडीने दाबून सपाट केलेलं असतं, काढायला वेळ लागत नाही. जाळीत, पाण्यातच. तोंड प्रवाहाकडे. शेपूट एकदा माझ्या मनगटाला लागलं आणि गेला.

रात्री आईचा फोन.
'मासो गावलो?'
'गावलो.'
'मोठो?'
'फूटभर.'
'मगे?'
'सोडलंय.'
बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज.
'सोडूचो होतो तर गरवलंस कित्याक?'

२ ऑक्टोबर
आईच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं.
हिने चहा देताना विचारलं, 'काय म्हणाल्या?' सांगितलं. ही हसली. 'बरोबर विचारलं.'

५ ऑक्टोबर
दसरा. काठी, रीळ, माश्यांची डबी पूजेला. आपट्याऐवजी मेपल. पाऊस नाही.

८ ऑक्टोबर
बुवांना सांगितलं, एक लागला, अल्डरच्या फाट्यात.
'ते.' त्यांनी हात हलवला, माशी उडवल्यासारखा. 'ते पोरांसाठी.'
आज आवाज बरा होता. ऑक्सिजनची नळी मात्र नवीन. धुरामुळे, नर्स म्हणाली.
निघताना: 'तिथे गाडी दोनदा जाते.'
'कुठे?'
ते टीव्हीकडे बघायला लागले. टीव्ही बंद होता.

९ ऑक्टोबर
कोजागिरी. चंद्र केशरी, धुरातून. दूध आटवलं. मुलगी कॉलेजातून आली होती, तिने फोटो काढला. फोटोत केशरी आला नाही.
दोनदा जाते म्हणजे काय. दिवसातून दोनदा? मालगाड्या त्याहून जास्त जातात. शिकागोकडची एम्पायर बिल्डर संध्याकाळी जाते, सकाळी दुसरी येते. तसं म्हणत असतील तर अख्ख्या खोऱ्यात तसं आहे.

१२ ऑक्टोबर
जुने नकाशे, जुने हवाई फोटो. जेवण झाल्यावर अकरापर्यंत. नदी कागदावर ठेवली की साप दिसते, कात टाकत जाणारा. १९९० मधला मुख्य प्रवाह आज जंगल. आजचा प्रवाह तेव्हा कोणाचं तरी शेत. रेल्वेच्या बाजूला दगडी बांध घातलेत, तिथे ती सरकू शकत नाही, फाटे मेलेत. दक्षिणेला मोकळी आहे, म्हणून सगळे वाकडे तुकडे दक्षिणेला.
मी महिनाभर उत्तरेला चालतोय.

१३ ऑक्टोबर
ऑफिसात आणखी दोन टेबलं रिकामी. डोनट आणले होते कोणीतरी. कोणी खाल्ले नाहीत.

१६ ऑक्टोबर, रविवार
सिएटलला ३१ अंश. ऑक्टोबरच्या मध्यावर. उच्चांक मोडला म्हणतात. बाहेर कुडाळच्या वैशाखाचा वास: सुकलेलं गवत, धूळ, दूरचा धूर. इथे हा वास असायला नको. मला बरं वाटलं आणि मग लाज वाटली.
नदीवर गेलो नाही. पाणी एवढं उतरलं की मासे खड्ड्यांत कोंडलेले असतात. तेव्हा गळ टाकणं म्हणजे खुर्चीला बांधलेल्या माणसाशी कुस्ती.

१९ ऑक्टोबर
सिएटलची हवा आज जगातल्या मोठ्या शहरांत सगळ्यांत वाईट. दिल्लीच्या मित्राचा मेसेज: 'स्वागत आहे.'
बुवांच्या इथे भेटी बंद. फोनवर म्हणाले, 'खिडकीतून पार्किंग दिसत नाही. सुधारणा आहे.' मग खोकला. नर्सने फोन घेतला.
घरी बसून वाचन. या माशाच्या शास्त्रीय नावात क्लार्क आहे, लुईस आणि क्लार्कमधला. नाव दिलं रिचर्डसनने, १८३६ साली. पण त्या मोहिमेत मिसुरीच्या मोठ्या धबधब्यांपाशी, जून १८०५ मध्ये, हे ट्राउट गळाने धरले ते सायलस गुडरिच नावाच्या साध्या शिपायाने. लुईसने वर्णन लिहिलं, क्लार्कला नाव मिळालं, गुडरिचने मासे धरले आणि सगळ्यांनी खाल्ले. आईला गुडरिच आवडला असता.

२० ऑक्टोबर
गुडरिचने सोडले नसणार.
उद्या पाऊस म्हणतायत. तीन आठवडे म्हणतायत.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार
आला.
दुपारी दोनला मीटिंगमध्ये. खिडकीवर पहिले थेंब काळपट, मग स्वच्छ. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. अंगणात गेलो आणि उभा राहिलो. राखेचा वास, मग मातीचा.
आमच्याकडे पहिल्या पावसात मासे वर चढतात. वलगणीचे. नदी सोडून वहाळात, वहाळातून शेतात. बाबा रात्री कंदील घेऊन जायचे, मी मागे टोपली घेऊन. पाणी चढतं, मासा चढतो, एवढंच त्यांनी समजावलं होतं. त्याहून जास्त मला अजून कळलेलं नाही.

२२ ऑक्टोबर
मीटरची रेघ थोडी वर. अजून तीन आकडीच. कामाने जाता आलं नाही. माश्या चार. दोरा काळा.

२३ ऑक्टोबर, रविवार
दक्षिणेचा काठ. पूल ओलांडून शेतातला रस्ता, मग पायवाट, मग पायवाट नाही. ओल्या पानांखाली काय आहे ते दिसत नाही, काठीने चाचपत. तासभर. बुटांना माती लागली, पिवळसर. थांबून बघितली. बोटांनी चोळून बघितली. समोर चढ, कातळासारखा, चिकणमातीचा, वरून ढासळलेला. त्याच्या पायथ्याला विलो, आणि विलोमागे पाणी आहे असं वाटलं, दिसलं नाही.
तेवढ्यात नदीपलीकडून मालगाडी. शिट्टी. आणि लगेच, मागून, कातळाकडून, तीच शिट्टी परत. डबे पलीकडून गेले, मग मागून गेले. मी वळून बघितलं. मागे भिंतच होती.
दोनदा.

विलो बाजूला सारल्या. सीडर आडवा आहे. एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं; मुळं माझ्या डोक्याच्या वर, खोड फाट्यावर या काठापासून त्या काठापर्यंत, साल गेलेली, राखाडी. त्याच्याखाली पाण्याने कोरलेली जागा, हिरवी-काळी. वरचं तोंड काल-परवा उघडलं असावं, गोट्यांवरून बारीक धार येत होती, पानं घेऊन. पाणी १० अंश.

लगेच टाकली नाही. खोडावर बसलो. हे त्यांनीच शिकवलं, पहिली वीस मिनिटं काठी जमिनीवर. खंड्या एक, इथला मोठा, राखी-निळा, चिडलेला. एक डिपर दगडावर उठाबशा काढत होता. मग खोडाखालून एक रेघ निघाली, पान खाली खेचावं तशी हलकी, आणि परत आत. मग दुसरी, जरा अलीकडे.

पहिली माशी फांदीत. तुटली. दुसरी बरोबर पडली आणि काही झालं नाही. तिसऱ्यांदा ओढ संपत आली होती, माशी माझ्या पायांपासून दोन हातांवर, उचलणारच होतो, तर तो मागून आला. घाई नव्हती त्याला. तोंड उघडलेलं दिसलं, आतलं पांढरं. मी ओढायचं विसरलो. त्यानेच वळून ओढलं.
खोडाकडे गेला. खोडाखाली गेला असता तर संपलं होतं. काठी आडवी धरली, पाण्यात टोक. दोर खोडाला घासल्याचं हाताला कळत होतं. आला शेवटी. पंचेचाळीस असेल, नक्की मोजला नाही. आमच्या भागात याहून मोठा क्वचित. नुकता वर आलेला. चांदी, पाठ ऑलिव्ह, फराटे इतके फिके की रेनबो समजलो असतो. जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत. म्हणजे हाच. एका बाजूला सीलच्या दाताची जुनी खूण.
हे सामनसारखे अंडी घालून मरत नाहीत. हिवाळ्याअखेर एखाद्या बारीक ओढ्यात जाऊन अंडी घालतात, समुद्रात परत जातात, पुढच्या वर्षी परत. हा दोन-तीनदा आलेला असावा. या खोडाखाली.
बुवांनी याला धरलेला असू शकतो. असलं काही लिहू नये. लिहिलं.

तुटलेली माशी शोधायला वर बघितलं. फांदी अल्डरची, पाण्यावर झुकलेली. माझी काळ्या डोक्याची तिथेच लोंबत होती. तिच्या हातभर पलीकडे आणखी एक. पीस गळून गेलेलं, गळ गंजलेला. डोकं निळं.
हात पोहोचत होता. माझी काढली. ती राहू दिली.

२४ ऑक्टोबर, सोमवार
लक्ष्मीपूजन. भेटी सुरू झाल्या. चिवडा नेला, नर्सने आत ठेवून घेतला, त्यांना चालत नाही.
बुवा निम्मे झालेत. नळीचा आवाज. हाताने खूण केली, बस.
'पाऊस.'
'हो. चढतेय थोडी.'
'गेला होतास?'
'गेलो होतो.'
त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं. मी घरून बूट बदलूनच निघालो होतो. ते बघत राहिले.
'सापडला?'
'नाही,' मी म्हटलं.
बुवा हसले. दात लावलेले नव्हते. माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि खिडकीकडे तोंड करून झोपले.

२५ ऑक्टोबर
तिकडे सूर्यग्रहण. आईने पाण्याच्या भांड्यात तुळस टाकली, देव झाकले, आणि मला फोन करून सांगितलं की तूही बाहेर जाऊ नकोस. इथे दिसणार नाही, म्हटलं. 'दिसणा नाय म्हणून काय झाला?'

२९ ऑक्टोबर
नदी गढूळ. गेलो नाही. जायचं होतं असंही नाही.

४ नोव्हेंबर
रात्री आठपासून वारा. पाऊस आडवा. नऊला लाइट गेली. कुंपणापलीकडचं फर मोडल्याचा आवाज, मग दुसरा, जमिनीवर आल्याचा.

५ नोव्हेंबर, शनिवार
लाइट नाही. अख्खी काउंटी अंधारात म्हणे. गॅसवर चहा. फोन गाडीत चार्ज केला आणि पहिल्यांदा मीटर बघितला. रेघ उभी. पाच आकडी.
बुवांचं फर त्यांच्याच छपरावर. फार नाही, कोपरा.

६ नोव्हेंबर
लाइट आली. घड्याळं तासभर मागे घ्यायची होती. सगळी बंद पडलेली, एकदाच लावली.

८ नोव्हेंबर
पहाटे चंद्रग्रहण. ढग फाटले होते तेवढ्यात दिसलं, तांब्याचा. हे मात्र इथलं. आईला सांगितलं नाही.

१० नोव्हेंबर
बुवांच्या मुलीचा फोन, सकाळी सहा. चार मिनिटं.

१२ नोव्हेंबर, शनिवार
पाणी उतरलंय, अजून ताकाच्या रंगाचं. पूल, शेतातला रस्ता. शेतात ओंडके, कोणाची तरी निळी कचरापेटी. कातळापर्यंत पोहोचलो.
विलो आडव्या, सगळ्या एका दिशेला विंचरलेल्या. पुढे नदी. फाटा नव्हे, नदी. मुख्य धार आता इथून जाते, कातळाला घासून, आवाज करत. ती जिथून जायची तिथे गोट्यांचा पांढरा पट्टा, ओला. सीडर नाही. खाली अर्धा मैल चालून बघितलं. एका ढिगात मुळं दिसली, त्याची असतील, सगळी मुळं सारखीच. अल्डर नाही.
उभा होतो. मृत चम सामन दोन, गरुड एक, माझ्याकडे बघून न उठणारा.
गाडी आली. दोनदा गेली.

१३ नोव्हेंबर
बुवांची मुलगी ओरेगनहून आलीय. घर रिकामं करतायत. काठी भावाने नेली, माश्यांची डबीही. मला म्हणाली, तुम्हाला काही आठवण म्हणून हवं असेल तर बघा. शिवणाचा डबा विचारला.
ती गोंधळली. 'तो? शुक्रवारीच देऊन टाकला, कपड्यांबरोबर. त्यात दोरेच होते.'
मोदक कधी करता, तिने विचारलं. बाबा फोनवर सांगायचे, फार आवडतात म्हणून.

१६ नोव्हेंबर
पुढच्या पुरापर्यंत पांढऱ्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला थोडं पाणी थांबतंय असं वाटतं. फोटोवरून. जाऊन बघायला हवं. वर्ष लागेल, दोन लागतील, लाकूड यावं लागेल.

२० नोव्हेंबर, रविवार
शिवणाच्या दुकानात. निळा मागितला. बाईंनी ड्रॉवर ओढला, नऊ निळे. कशासाठी, विचारलं. मासे धरायला, म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.
डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. फांदीवर ऊन नव्हतं, गंज होता, आणि मी खालून बघत होतो.
तीन घेतले.